एमक्यू-१३५ जरूर जोडा, पण त्यावर ‘एक्यूआय’ लिहू नका

महोदय,

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत एक प्रकल्प हमखास दिसतो. थर्मोकोलच्या पाटावर आर्डुइनो उनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा सर्किट बोर्ड), शेजारी जाळीचे टोपण असलेला एमक्यू-१३५ हा गॅस सेन्सर, पुढे दोन ओळींचा एलसीडी आणि त्यावर ‘एअर क्वालिटी ४१२ पीपीएम’ (हवेच्या दहा लाख भागांत ४१२ भाग) किंवा सरळ ‘एक्यूआय ४१२’, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. मग वर्तमानपत्रात फोटो आणि ‘विद्यार्थ्यांनी बनवले हवेचे प्रदूषण मोजणारे यंत्र’ असा मथळा. मुलांनी तारा जोडल्या, प्रोग्राम चढवला, यंत्र चालवून दाखवले, याचे कौतुक व्हायलाच हवे. पण पडद्यावरचा तो आकडा बहुतेक वेळा पीपीएम नसतो आणि एक्यूआय तर नसतोच. दोष मुलांचा नाही. तयार प्रोग्राम आणि तयार मॉड्यूल (सेन्सर बसवलेली छोटी सर्किट पट्टी) जसे मिळाले तसे जोडले गेले, मध्ये कोणी थांबून विचारले नाही, इतकेच. यंदाच्या प्रदर्शनांना वेळ आहे तोवर जोडणीतल्या आणि समजुतीतल्या नेहमीच्या चुका मांडतो.

आधी सेन्सर आत काय करतो ते. जाळीखाली एक बारीक नळी असते, तिच्यावर टिन डायऑक्साइडचा थर आणि आतून हीटरची तार. गरम थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थराचा विद्युत रोध वाढवून ठेवतो. अमोनिया, अल्कोहोल, बेन्झिन, धूर असे काही जवळ आले की ते त्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि रोध उतरतो. बस्स, एवढेच. रोध कशामुळे उतरला हे सेन्सर सांगू शकत नाही. अगरबत्ती, फिनाइल, फोडणीचा धूर, हँड सॅनिटायझर, सगळे त्याला सारखेच. एप्रिल-मेमध्ये काजूच्या भट्टीजवळ ठेवलात किंवा नुसते हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, बाटलीचे बूच उघडलेत, तरी तो ‘धोकादायक प्रदूषण’ म्हणून बोंब मारेल.

आता एक्यूआय. आपल्या देशाचा राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून जाहीर होतो. तो आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे: पीएम १० आणि पीएम २.५ (हवेतले धुळीचे बारीक आणि अतिबारीक कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. किमान तीन प्रदूषकांचे आकडे हवेत आणि त्यांत पीएम १० किंवा पीएम २.५ पैकी एक असलाच पाहिजे. सरासरी २४ तासांची, कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोनची ८ तासांची. या यादीत कार्बन डायऑक्साइड नाहीच, आणि प्रदर्शनातले निम्मे प्रकल्प दाखवतात तो नेमका कार्बन डायऑक्साइड!

यादीतला अमोनिया एमक्यू-१३५ला कळतो खरा. पण हिशेब करून बघा. अमोनियाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ०.६ पीपीएम. निर्देशांकातला सर्वांत वाईट ‘गंभीर’ वर्ग सुरू होतो १,८०० मायक्रोग्रॅमच्या पुढे, म्हणजे सुमारे २.६ पीपीएमला. आणि सेन्सरच्या माहितीपत्रकातली मोजणीची कक्षा सुरू होते १० पीपीएमपासून. हवा निर्देशांकानुसार ‘गंभीर’ ठरली तरी या सेन्सरचा धडा अजून सुरूच झालेला नसतो. ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर केशर तोलण्यातला प्रकार आहे हा.

मग जोडायचाच नाही का? जरूर जोडा. शिकण्यासाठी इतका स्वस्त आणि बोलका भाग दुसरा सापडणार नाही. फक्त नीट जोडा.

मॉड्यूलला चार पिना असतात: व्हीसीसी (वीजपुरवठा), ग्राउंड, डीओ (फक्त चालू-बंद सांगणारी) आणि एओ (कमी-जास्त होणारे व्होल्टेज देणारी). उनोवर व्हीसीसी ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, एओ ए-शून्यला. डीओ सोडून द्या. मॉड्यूलवरचा निळा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) पेचकसाने फिरवून पुष्कळ मुले ‘कॅलिब्रेशन’ करताना दिसतात. त्या ट्रिमरचा एओशी काडीचाही संबंध नाही. तो फक्त शेजारच्या कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या, आयसीला सांगतो की डीओची पिन कुठल्या पातळीला पलटायची. तासभर फिरवा, एओवरचा आकडा तसूभर हलणार नाही.

हीटर सुमारे १५० मिलिअँपिअर घेतो आणि त्याला बरोबर ५ व्होल्ट लागतात. ३.३ व्होल्टच्या पिनेवरून दिला तर आकडे येतात, पण थर पुरेसा तापत नसल्याने त्यांना अर्थ नसतो. जाळीला बोट लावून बघा: कोमट-गरम लागली तर ठीक, थंड लागली तर हीटर चालत नाही. उलट, गरम लागली म्हणून ‘शॉर्ट झाले’ समजून तार उपटणारेही असतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावणे ही दुसरी खोड. हीटर आणि बोर्ड मिळून २०० मिलिअँपिअर ओढतात, वरचे ४ व्होल्ट बोर्डावरच्या रेग्युलेटरात उष्णता होऊन जातात, रेग्युलेटर चटका बसेल इतका तापतो आणि चांगली अल्कलाइन बॅटरीसुद्धा दोन-अडीच तासांत मान टाकते. स्वस्तातली तर उद्घाटनाची भाषणे संपेपर्यंतही टिकत नाही. मोबाइलचा १ अँपिअरचा चार्जर आणि आखूड, जाड यूएसबी केबल हा सरळ उपाय. केबल लांब आणि बारीक असेल तर ५ऐवजी ४.६ व्होल्ट पोचतात आणि हीटर तेवढाच मंदावतो.

एमक्यू-२, एमक्यू-७ आणि एमक्यू-१३५ असे एकाच जातीचे तीन गॅस सेन्सर एकाच उनोच्या ५ व्होल्ट पिनेवर लादले की साडेचारशे मिलिअँपिअर नुसत्या हीटरांना लागतात. यूएसबीवरचा फ्यूज ५००चा. एलसीडी मंदावतो, बोर्ड मध्येच रीसेट होतो आणि मुले प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. हीटरांना वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, फक्त दोन्हीकडचे ग्राउंड एकमेकांना जोडायला विसरू नका. आणि एमक्यू-७बद्दल जाता जाता: त्याच्या हीटरला ६० सेकंद ५ व्होल्ट आणि पुढची ९० सेकंद १.४ व्होल्ट, असे आलटून पालटून द्यावे लागतात. बाजारातले मॉड्यूल सतत ५ व्होल्टच देते. त्यावरून काढलेला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा कोणी दाखवला तर परीक्षकांनी हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र एका मोहरीएवढ्या रेझिस्टरचा आहे. सेन्सरचा रोध आणि एक ठरावीक ‘लोड’ रेझिस्टर यांच्यात ५ व्होल्ट वाटले जातात आणि लोडवरचा वाटा एओवर येतो. माहितीपत्रकात हा लोड २० किलोओमच्या आसपास सुचवलेला आहे. बहुतेक तयार मॉड्यूलांच्या पाठीवर मात्र ‘१०२’ असे लिहिलेला, म्हणजे फक्त १ किलोओमचा, असतो. पुरवठा बंद करून मल्टिमीटर एओ आणि ग्राउंड यांच्यात धरा, लगेच कळेल. समजा स्वच्छ हवेत सेन्सरचा रोध ४० किलोओम आहे. १ किलोओमच्या लोडवर उनो १०२३ पैकी २५ दाखवेल. धूर येऊन रोध निम्मा झाला तर ४९. सगळा खेळ चोवीस अंकांत, आणि त्यातले दोन-तीन अंक नुसत्या थरथरीचे. तोच लोड २२ किलोओम केला तर आकडा ३६३ वरून ५३६ वर जातो. सोल्डरिंगची सवय असलेल्या शिक्षकांनी तो ‘१०२’ उतरवून २२ किलोओम लावून द्यावा. ते जमत नसेल तर सहा पायांचा सुटा सेन्सर घ्या: एच लिहिलेल्या दोन पायांपैकी एक ५ व्होल्टला आणि दुसरा ग्राउंडला, ए पायांची जोडी ५ व्होल्टला, बी पायांची जोडी २२ किलोओममधून ग्राउंडला, आणि बी व रेझिस्टर यांच्या सांध्यावरून ए-शून्यला तार. ब्रेडबोर्डच्या भोकांत ते पाय नीट बसत नाहीत, तारा सोल्डर कराव्या लागतील.

प्रोग्राममधले सूत्र साधे आहे: सेन्सरचा रोध = लोड × ((१०२३ ÷ वाचन) − १). यात व्होल्ट कुठेच नाहीत, कारण उनो मोजतो तो त्याच ५ व्होल्टच्या तुलनेत. पुरवठा थोडा उतरला तरी गुणोत्तर तेच राहते. (हीटरचे मंदावणे मात्र यातून सुटत नाही.) इथे १०२३ला दशांशचिन्ह देऊन १०२३.० लिहा. नाहीतर पूर्णांकी भागाकार होतो, अपूर्णांक गळून पडतो आणि रोध पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारतो. वाचन शून्य आले तर भागाकार करायचाच नाही, अशी अटही घाला. दर खेपेला पन्नास वाचने घेऊन सरासरी काढा आणि मिनिटाला एकच नोंद ठेवा. सेकंदाला चार वेळा नाचणारा आकडा प्रेक्षकांना आवडतो, पण त्यातून काहीच वाचता येत नाही.

उनोऐवजी ईएसपी३२ हा वाय-फायवाला बोर्ड वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. त्याच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर काही चालत नाही, म्हणून एओ थेट जोडू नये, दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज दोन-तृतीयांश करावे. सगळीकडे १० आणि २० किलोओमची जोडी सांगितलेली सापडते. १ किलोओमच्या लोडवर ती चालून जाते. पण तुम्ही लोड २२ केला असेल तर ही ३० किलोओमची जोडी त्याला समांतर येऊन बसते आणि खरा लोड १२.७ किलोओम होतो. म्हणून १०० आणि २०० किलोओम घ्या, आणि पिनेजवळ ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. वाय-फाय चालू असेल तर एडीसी-२च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वाचन देत नाहीत; ३२ ते ३९ मधली पिन निवडा. इथे मोजपट्टी आणि सेन्सरचा पुरवठा वेगवेगळे असल्याने वरचे व्होल्टविना सूत्र लागू होत नाही. ५ व्होल्ट म्हणवणारे प्रत्यक्षात किती आहेत ते मल्टिमीटरने मोजून प्रोग्राममध्ये घालावे लागते.

नवा सेन्सर पहिल्यांदा २४ ते ४८ तास सलग तापवून ठेवावा लागतो. त्याआधीचे आकडे लिहूनही ठेवू नका. पुढे दर वेळी चालू केल्यावर निदान वीस मिनिटे थांबा. सुरुवातीला आकडा चढलेला असतो आणि हळूहळू उतरून स्थिरावतो. जेवणाच्या सुट्टीत सभागृहाची वीज बंद केली आणि परीक्षक नेमके त्यानंतर आले, की ‘हवा सुधारतेय’ असा देखावा आपोआप तयार होतो.

आता त्या ४१२ची गंमत. प्रचलित प्रोग्रामांत ३९७.१३ असा एक आकडा लिहिलेला असतो. तो म्हणजे साधारण २०१४च्या सुमारास वातावरणात असलेले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, पीपीएममध्ये. आता ते ४२०च्या वर गेले आहे. कॅलिब्रेशन म्हणजे काय, तर सेन्सर मोकळ्या हवेत ठेवायचा आणि प्रोग्रामला सांगायचे, ‘ही हवा ३९७ची समज.’ मग तो त्या हवेत ३९७ दाखवतो, आणि आपण म्हणतो, किती अचूक! आपणच कानात सांगितलेले त्याने परत ऐकवले. काही ठिकाणी तर एवढेही होत नाही. दुसऱ्याच कोणाच्या सेन्सरसाठी काढलेला ७६.६३ हा आधाररोध (तुलनेसाठी धरलेला मूळ रोध) तसाच ठेवलेला असतो, सोबत लोड १० किलोओम गृहीत धरलेला आणि मॉड्यूलवर प्रत्यक्षात १. आणि मुळात कार्बन डायऑक्साइड हा आधीच पुरता जळून चुकलेला वायू. टिन ऑक्साइडवरच्या ऑक्सिजनशी संयोग पावायला त्यात काही शिल्लकच नसते. वर्गात मुले बसल्यावर एमक्यू-१३५चा आकडा चढतो तो श्वासातली वाफ, घाम, अत्तर, डबे यांमुळे. कार्बन डायऑक्साइडच मोजायचा असेल तर अवरक्त किरणांवर चालणारा एमएच-झेड१९ जातीचा सेन्सर घ्यावा. ५ व्होल्टवर चालतो, ९६०० बॉडच्या सीरियलवर सरळ पीपीएममध्ये आकडा देतो. तोही चालू केल्यावर तीन मिनिटे द्या. त्याची स्वयंचलित शून्यदुरुस्ती त्याला मिळालेली सर्वांत स्वच्छ हवा ४०० धरून चालते. कायम बंद राहणाऱ्या एसी खोलीत ठेवायचा असेल तर ती सोय प्रोग्राममधून बंद करा.

गोव्यात आणखी एक भिडू मैदानात असतो: दमट हवा. माहितीपत्रकात आर्द्रतेचे दोन आलेख आहेत, ३३ टक्क्यांचा आणि ८५ टक्क्यांचा. आपला जून ते सप्टेंबर त्या दुसऱ्या आलेखावर किंवा त्याच्याही पलीकडे जातो. वाफ वाढली की रोध उतरतो, म्हणजे धो-धो पावसाने हवा धुऊन निघालेली असताना यंत्र ‘प्रदूषण वाढले’ म्हणते. सोबत आर्द्रतेचा सेन्सर हवाच, आणि तो स्वस्तातला डीएचटी-११ नको, कारण आपल्या पावसाळ्याच्या आकड्यांना त्याचा भरवसा संपतो. डीएचटी-२२ किंवा बीएमई-२८० घ्या आणि एमक्यूपासून निदान एक वीत दूर ठेवा. पाऊण वॉटचा हीटर शेजारी असला तर तापमान वाढलेले आणि आर्द्रता उतरलेली दिसेल. पावसाळ्यात काढलेला आधाररोध डिसेंबरातल्या प्रदर्शनात वापरू नका, त्याच जागी नव्याने काढा.

पेटीच्या फटी बुजवायला सिलिकोन सीलंट कधीही वापरू नका. बाथरूमच्या कडांना लावतात तो. सुकताना त्यातून निघणारी वाफ टिन ऑक्साइडचा थर कायमचा निकामी करते, आणि यंत्र वरवर चालूच दिसते, नुसते बहिरे होऊन. ग्लू गनचा गोंद चालतो, फक्त सेन्सरच्या गरम अंगाला लावू नका, वितळून ओघळेल. किनाऱ्यालगतच्या शाळांत जम्पर वायरींची टोके एका पावसाळ्यात हिरवी पडतात. यंत्र महिनोन्महिने चालवायचे असेल तर तारा सोल्डरच करा. चाचणीसाठी सिगारेट लायटरचा गॅस जाळीत सोडू नये. इतक्या दाट गॅसने सेन्सर गुदमरतो आणि जागेवर यायला वेळ घेतो. सॅनिटायझरचा कापसाचा बोळा वीतभर अंतरावर धरला तरी पुरे. आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीचा अलार्म म्हणून हे यंत्र घरात लावू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

खरे तर आपल्याकडे हवेची तक्रार आहे ती मुख्यतः धुळीची. वास्को-मुरगावचा कोळसा, खनिजाच्या ट्रकांचे रस्ते, महामार्गाची कामे. एमक्यू-१३५ला धूळ दिसतच नाही. त्यासाठी लेझरवर चालणारा पीएमएस-५००३सारखा सेन्सर लागतो. किंमत कैकपट, पण त्याचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये येतो. पंख्यासाठी ५ व्होल्ट, सीरियल मात्र ३.३ व्होल्टचे, उनोला त्याची टीएक्स पिन जोडली की वाचण्यापुरते काम होते. दर खेपेला ३२ बाइट येतात, सुरुवात ४२ आणि ४डी या षोडशमान बाइटांनी. शेवटच्या दोन बाइटांत दिलेली बेरीज आधीच्या बाइटांच्या बेरजेशी जुळत नसेल तर ते वाचन फेकून द्या. पहिली ३० सेकंदे सोडा. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडाही फुगतो, म्हणून इथेही आर्द्रतेची नोंद सोबत ठेवा. एसडीएस-०११ हा दुसरा लोकप्रिय सेन्सर ७० टक्के आर्द्रतेपर्यंतचाच आहे, पावसाळ्यात त्याचे काम नाही. २४ तासांची सरासरी घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम आली, तर पीएम २.५चा उपनिर्देशांक साधारण ७५ होतो. पाटीवर ‘पीएम २.५ उपनिर्देशांक’ एवढेच लिहा. तीन प्रदूषक नाहीत तोवर तो एक्यूआय नाही.

एमक्यू-१३५च्या पाटीवर काय लिहायचे? ‘आताचा रोध भागिले सकाळच्या मोकळ्या हवेतला रोध.’ एक म्हणजे बदल नाही, अर्धा म्हणजे काहीतरी आले आहे. चवथीच्या दिवसांत गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली अगरबत्त्या लागल्यावर हा आकडा किती मिनिटांत उतरतो आणि खिडकी उघडल्यावर किती वेळाने परत चढतो, याचा आलेख सातवीतले मूलही काढू शकते. तो आलेख खोट्या पीपीएमपेक्षा शंभरपट मोलाचा आहे. परीक्षकांनीही तोच मागावा. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की अशा बातमीत ‘एक्यूआय’ हा शब्द घालण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे: सेन्सर कुठला, किती तास तापवला, आणि लोड किती.

प्रदर्शन संपल्यावर सेन्सर उघड्यावर टाकू नका. झिप पाउचमध्ये सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. (सिलिका जेल चालते, नाव सिलिकोनसारखे असले तरी वस्तू वेगळी.) पुढच्या वर्षी बाहेर काढल्यावर पुन्हा दोन दिवस तापवा.

– इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे काही शिक्षक व छांदिष्ट, फोंडा